रसदेचं राहिलेलं प्रकरण

भानुदास,

तुझ्या सुरेखाने माझ्याकडे 'दोन शब्द' मागितलेत. तुझं पुस्तक ती छापायला देणार आहे. बीडची शाळा सांभाळून, घरचं उरकून तिने तुझ्या सातही वह्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, आणि तेराव्याची पंगत उठल्यावर माझ्या हातात कागदांचा गठ्ठा ठेवून म्हणाली, "काका, सुरवातीला तुमचे दोन शब्द पायजेत. बाबांचे सगळ्यात जुने दोस्त तुमीच." बापाच्या तेराव्याला पोरगी काही मागते तेव्हा नाही म्हणता येत नाही. मी हो म्हणालो आणि गठ्ठा घेऊन घरी आलो.

त्याला चार दिवस झाले. रोज सकाळी चहा झाला की ओसरीवर बसतो, चष्मा पुसतो, 'कै. भानुदास यांच्याविषयी लिहिताना' इथपर्यंत येतो आणि कागद पालथा घालून ठेवतो. तुला 'यांच्याविषयी' म्हणायचं म्हणजे अवघडच. चाळीस वर्षांत मी तुला भान्या, बे, लेका आणि मूर्खा यांशिवाय हाक मारलेली नाही. म्हणून आता ते दोन शब्द राहू देतो आणि सरळ तुझ्याशीच बोलतो. मी फार दमलोय, भान्या. तुझ्या जाण्याने दमलो असं लोक समजतात. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही.

गठ्ठा मी पहिल्याच दिवशी चाळला. पायदळ आहे, तोफखाना आहे, रणगाडे, इंजिनियर, सिग्नल, वर्कशॉप, डॉक्टर लोक, मिलिटरी पोलीस, सगळ्यांची प्रकरणं आहेत. रसदेचं नाही. म्हणजे पान आहे. त्यावर 'रसद' एवढंच नाव आहे आणि खाली सुरेखाने कंसात टाइप केलंय, 'बाबांनी पुढे लिहिलेलं सापडलं नाही.' ज्या माणसाने उभी नोकरी रसदेत काढली, लष्कराचं रेशन, पाणी, डिझेल आयुष्यभर वाहिलं, त्याने अख्ख्या डिव्हिजनचं लिहिलं आणि स्वतःचं तेवढं सोडलं. सुरेखाला वाटतं, तुला वेळ पुरला नाही. वेळ तुझ्याकडे भरपूर होता. ते पान का कोरं राहिलं हे मला ठाऊक आहे, आणि आता माझ्याशिवाय ते कोणालाच ठाऊक नाही.

पण आधी पुस्तकाचं बोलू. चकलांब्याचा तोफखान्यातला नाईक गेला तेव्हा आपण दोघं माझ्या मोटारसायकलवर मातीला गेलो होतो. त्याच्या बायकोने ट्रंक उघडून त्याची जुनी जर्सी काढली. बाहीवर डिव्हिजनचं कापडी चिन्ह होतं, रंग उडून पांढुरकं झालेलं. गर्दीतल्या कोणीतरी विचारलं, "हे कशाचं चित्र हाय?" कोणालाच सांगता येईना. तिलाही येईना. नवऱ्याने इतकी वर्षं दंडावर बाळगलं ते काय होतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मग तू पुढे झालास. टोपीवरचा बिल्ला ज्याचा त्याचा वेगळा असतो, पण दंडावरचं हे चिन्ह तोफवाल्याचं, रणगाडेवाल्याचं, स्वयंपाक्याचं, सगळ्यांचं एकच असतं, हे तू त्या बाईला समजावून सांगायला लागलास. लांबायला लागलं तेव्हा मी तुझी बाही ओढली. "भान्या, माती हाय बे, लेक्चर न्हाई." तू ऐकलं नाहीस, आणि ती बाईही ऐकत होती, हे मला तेव्हा दिसलं नाही.

येताना शिरूरच्या अलीकडे तू गाडी थांबवायला लावलीस. मला वाटलं लघवीला. तू लिंबाखाली उभा राहून म्हणालास, "पलटनीचा इतिहास समदे लिहितेत. डिव्हिजनचा कोण लिहितंय?"

"कोणीच न्हाई, कारण कोणाला वाचायचा न्हाई," मी म्हणालो.

तिथून तुझी फिरती सुरू झाली. आपल्या जिल्ह्यात दोन माजी सैनिक भेटले की 'कोणती पलटन?' असं विचारतात. तू एकटा 'कोणती डिव्हिजन?' विचारायचास. निम्म्यांना आठवायचंच नाही. मग तू खिशातून ते चिन्ह काढलेला कागद दाखवायचास, की म्हातारे एकदम सरळ बसायचे. आष्टीच्या बाजारात एकदा बकरी विकायला आलेला माणूस तो कागद बघून बकरी सोडून तुझ्याशी बोलत बसला. तो रणगाड्याचा ड्रायव्हर निघाला. बकरी भाजीवाल्याची कोथिंबीर खात होती आणि तू त्याला विचारत होतास, तुमचे रणगाडे आगगाडीवर चढवायला किती वेळ लागायचा.

तू काढलेली माहिती मी हसण्यावारी न्यायचो, पण गुपचूप वाचायचोही. डिव्हिजन उभी राहिली तेव्हा तिच्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं, हे मला तुझ्या पहिल्या वहीतून कळलं. एका रेल्वे स्टेशनाबाहेरच्या माळावर तंबू. एक ब्रिगेड डोंगरातून आलेली, अंगावर लोकरीचे कपडे घालून, एक पूर्वेकडून, आणि तिसरीची अजून भरतीच चाललेली. ट्रक दुसऱ्यांचे, त्यांच्यावरची जुनी चिन्हं पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढलेली. रणगाडे तर पहिली काही वर्षं उसनेच यायचे आणि सराव संपला की परत जायचे. तीन ब्रिगेड, एकेका ब्रिगेडीत तीन पलटनी, त्यांच्या मागे तोफा, पुढे इंजिनियर, मध्ये तारा ओढणारे सिग्नलवाले. हे सगळं आपण आयते जाऊन बसलो तेव्हा जन्मापासून असंच असावं असं वाटायचं. कोणीतरी ते एकेक करून जुळवलं होतं. डिव्हिजनचा नंबर मी इथे लिहीत नाही. तूही सात वह्यांत कुठे लिहिला नाहीस. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी तुझं ते सुटलं नाही.

आपलं भांडण ठरलेलं होतं. मी म्हणायचो, डिव्हिजन म्हणजे ऑफिस. कागद तिथून येतात आणि जीव पलटनीचा जातो. तू म्हणायचास, मी पायदळातला आहे म्हणून मला माझ्या पायाच्या पुढचं दिसत नाही. कपिलधारला दोघांच्या बायका-पोरांना घेऊन गेलो होतो तेव्हाही तू सोडलं नाहीस. देवदर्शन झालं, बाया डबे सोडत होत्या, आणि तू धबधब्याकडे बोट करून सुरू झालास. पाणी कुठं आहे ते इंजिनियर शोधणार आणि साफ करणार. उचलून आणणार रसदवाला. वाट दाखवणार मिलिटरी पोलीस. कुठं आणायचं ते सिग्नलवाला सांगणार. टँकर बंद पडला तर वर्कशॉपवाला रस्त्यात खाली झोपून दुरुस्त करणार. ते पाणी पिण्याजोगं आहे का हे डॉक्टर बघणार. "आन् पिणार कोण? तुमी पायदळवाले. ढेकर देऊन म्हणणार, आमी लढलो."

सगळे हसले. मीही हसलो. वहीत तेच तुझं पहिलं प्रकरण झालं, 'एक ग्लास पाणी'. भान्या, तुझ्या पुस्तकातलं ते सगळ्यात चांगलं प्रकरण आहे आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगणार कसं? पाण्याचं नाव निघालं की माझी वाचा बसायची, आणि तू मुद्दाम पाणीच निवडलं होतंस असं मला वाटायचं. आता वाटतं, मुद्दाम नसेलही. तुला दुसरं काही सुचलंच नसेल, कारण तू जन्मभर तेच वाहत आलास.

मग गेली तीन वर्षं तू माझ्यामागे लागला होतास. "रसदेचं तू लिही."

"मी कावून? तू रसदवाला."

"म्हणूनच. वाढणाऱ्यानं सांगू न्हाई. ज्यानं खाल्लं-पिलं त्यानं सांगावं."

मी टाळलं. कधी डोळ्यांचं ऑपरेशन, कधी तुरीची काढणी, कधी नातीची परीक्षा. परीक्षा तिची आणि अभ्यास माझा असल्यासारखं मी सांगायचो. तू दर वेळी म्हणायचास, "सवडीनं लिही, सुभेदार. पान ठेवलंय." दिवाळीनंतर आपण शेवटचे भेटलो, तुझ्या अंगणात, तेव्हाही हेच. मी चिडून म्हणालो, "एकदा न्हाई म्हणलं ना बे!" तू मान हलवलीस आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलास. पुढच्या आठवड्यात तू गेल्याचा निरोप आला, आणि ते तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ठरलं.

तर आता लिहितो. तुला सगळं माहीत आहे, पण तुझ्या पुस्तकाला माहीत नाही.

भरतीला आपण बीडच्या मैदानावर एकाच रांगेत होतो. तू कारखान्याचा ट्रॅक्टर चालवलेला होतास म्हणून तुला गाड्यांकडे घेतलं आणि मी पायदळात गेलो. पुढे दोघांच्या बदल्या होत होत तीन वर्षं एकाच डिव्हिजनमध्ये होतो. दोघंही हवालदार झालेलो. त्यातल्या एका वर्षी राजस्थानच्या वाळूत सगळ्या डिव्हिजनचा सराव होता, रणगाड्यांपासून जेवणाच्या लंगरापर्यंत सगळे बाहेर. मे महिना. आमच्या कंपनीने सकाळी जागा बदलली होती आणि नवी जागा रसदेला कळवायची होती, म्हणजे दुपारचं पाणी तिथे आलं असतं. कंपनीचा वायरलेसवाला उन्हाने आडवा झाला होता, म्हणून सेट मी घेतला. पलीकडून तुझा आवाज आला. तीन टँकरचा ताफा तुझ्याकडे आहे हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी नियम सोडून मराठीतच बोलायला लागलो.

नकाशावरची जागा सहा आकड्यांत सांगतात. आधी पूर्वेकडे सरकणारे तीन आकडे, मग उत्तरेकडे चढणारे तीन. उस्ताद रंगरूटाला पहिल्यांदा हेच शिकवतो, आधी चाल, मग चढ. आपल्या घरात माणूस ओसरीवरून चालत जातो आणि मग माळवदावर चढतो, तसंच. मी आधी चढलो आणि मग चाललो. ऊन होतं, नकाशा मांडीवर फडफडत होता, घशाला कोरड होती. ही कारणं मी स्वतःला इतकी वर्षं सांगतोय आणि ती खरीही आहेत. पण तू आकडे मला परत वाचून दाखवले होतेस. एवढंच नाही, वर विचारलं होतंस, "पक्कं का रे? तिकडं तर नुसत्या टेकड्या दिसतेत." मी नकाशाकडे न बघता म्हणालो, "पक्कं. ये लवकर."

तू माझ्या शब्दावर टँकर घेऊन भलतीकडे गेलास.

मला चूक दुपारी कळली. ऊन माथ्यावरून जरा ढळलं होतं आणि पाणी का येईना म्हणून मी नकाशा पुन्हा उघडला. आकडे उलटे गेले होते. सेटवर तुला हाका मारल्या. तू टेकड्यांपलीकडे गेला होतास, आवाज पोहोचेना. भान्या, त्या वेळी मी कंपनी कमांडरला सांगितलं असतं तर निरोप वरून फिरला असता. पलटनीने ब्रिगेडला, ब्रिगेडने डिव्हिजनला, डिव्हिजनने तुला, दुसऱ्या सेटवरून. त्यासाठीच तर ती सगळी माळ असते. तू जे मला पुढे वर्षानुवर्षं समजावत राहिलास ते मला तिथे वाळूत कळलं होतं. पण त्यासाठी आधी सांगावं लागलं असतं, की आकडे मी उलटे दिले. मी नाही सांगितलं. पलटनीच्या नायब सुभेदारीच्या बढतीच्या यादीत माझं नाव होतं. मी लॉगचा कागद फाडला, नवा घेतला, सगळ्या नोंदी पुन्हा लिहिल्या आणि आकडे सरळ क्रमाने घातले.

दुपारचं पाणी तू आम्हाला शोधत शोधत दिवस बुडताना आणलंस. तोवर आमचे तीन जवान पडले होते. तिघेही वाचले, पण एकाची किडनी पुन्हा धड झाली नाही आणि त्याला त्याच वर्षी घरी पाठवलं. तू ड्रायव्हरच्या बाजूने खाली उतरलास, ओठ फुटलेले, पापण्यांवर वाळू. मागे तीन टँकर भरलेले होते आणि तुझी स्वतःची बाटली रिकामी होती. मला म्हणालास, "आदी पडलेल्यांना दे." मग तू माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंस आणि टँकरची तोटी उघडायला वळलास.

चौकशी तंबूत झाली. मेजर साहेबांनी टेबलावर दोन कागद ठेवले, एक तुझी खिशातली डायरी आणि एक माझा लॉग. तुझ्या डायरीत पेन्सिलीने उलटे आकडे. माझ्या लॉगमध्ये सरळ. तू माझा कागद हातात घेऊन बघितलास. दिवसभराचा लॉग असतो तो, घामाने ओला होतो, वाळूने खरबरीत होतो, कोपरे दुमडतात. माझा इस्त्री केल्यासारखा होता. रसदवाल्याला कागद जुना की नवा हे सांगायला लागत नाही. तू तो खाली ठेवलास आणि सावधान उभा राहून म्हणालास, "साब, लिखने में मुझसे ही उल्टा हुआ होगा." साहेबांनी विचारलं, नक्की? तू म्हणालास, "जी साब."

मी तुझ्यापासून दोन हातांवर उभा होतो. तोंड उघडायला मला सबंध मिनिटभर मिळालं.

तुझ्या सेवापत्रात लाल शाईची नोंद पडली. फौजेत ती एकदा पडली की पुढची वाट बंद होते, हे तुलाही माहीत होतं. तू हवालदार म्हणून गेलास आणि हवालदार म्हणूनच घरी आलास. मी नायब सुभेदार झालो, मग सुभेदार. गावात शिरताना मला फेटा बांधला, हलगी लावली, आणि त्या घोळक्यात पुढे चालत तू लोकांना बाजूला सारत होतास, "सरका बे, सुभेदार साहेब आलेत." त्या दिवसापासून तू मला उत्तम म्हणायचं सोडलंस. भर बाजारात टाचा जुळवून सलाम ठोकायचास आणि लोक हसायचे. ती थट्टा होती, टोमणा होता की खरोखर मान होता, हे मी तुझ्या तोंडावर किती वेळा शोधलं. मला कधी कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही.

विचारायचं होतं ते हे. कावून, भान्या? तुला कोणी सांगितलं होतं मोठं व्हायला? त्या तंबूत तू म्हणाला असतास, 'साब, कागज़ नया है', तर मला शिक्षा झाली असती, तीन-चार वर्षं रडलो असतो, घरी आलो असतो, आणि आज आष्टीच्या बाजारातून मान वर करून चाललो असतो. तुझ्या त्या चांगुलपणाचा मला राग येतो. तू गेल्यावर खरं तर रडायला यायला हवं होतं, आणि मला आधी राग आला. खांदा देतानाही आला. हे लिहायला लाज वाटते, पण आता लपवून काय करू? लपवण्यातच मी म्हातारा झालो.

आणि तू वाईट वागला असतास तरी बरं झालं असतं. तू तसंही केलं नाहीस. दुष्काळाच्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न होतं. विहीर कोरडी, गावाचा टँकर आठ दिवसांनी येणार. तू कुठून कुठून माणसं गाठलीस आणि वऱ्हाड यायच्या आधी दोन टँकर दारात उभे केलेस. उतरून म्हणालास, "मोजून घे, सुभेदार. येळेवर हाय का?" मी हात जोडले. तू माझे हात खाली दाबलेस, जरा जोरातच. त्या दिवशी माझ्या दारात पाचशे माणसं पाणी प्यायली आणि मला एक घोट गिळवेना.

तुझी ती सवय अख्ख्या गावाला पाठ होती. किराणावाल्याला यादी दिली की, "आता परत वाच." सुरेखा बीडला निघाली की, "कोणती गाडी, कुठं उतरणार, परत सांग." मोबाईल नंबर घेताना तीनदा. लोक म्हणायचे, म्हातारा फौजी सरकला. मलाही ते तुझं वेड वाटावं म्हणून मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो. माझ्या एका चुकीने एका माणसाला जन्मभर समोरच्याचं बोलणं तपासून घ्यायची खोड लागली, हे मला दिसत होतं.

इथवर आल्यावर हे पत्र बाजूला ठेवलं आणि परवा दिवसभर बसून मी प्रकरण लिहून काढलं. रसदेची रचना लिहिली, ताफे कसे निघायचे, पुढच्या गाडीचा धुरळा मागच्याला लागू नये म्हणून किती अंतर ठेवायचे, लंगरचा धूर शत्रूला दिसू नये म्हणून काय करायचे. तू सांगितलेलं मला सगळं आठवत होतं, इतकं की माझं मलाच नवल वाटलं. शेवटी तो दिवस लिहिला, जसा झाला तसा, सहा आकड्यांसकट. तीन जवानांचंही लिहिलं. लॉगचा कागद फाडल्याचंही. हात दुखला, पण थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा पालथा घातला असता.

छापायच्या आधी वहिनींना सांगायला पाहिजे होतं. काल सकाळी कागद घेऊन तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणात सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, वाचून दाखवतो. त्या म्हणाल्या, "वाचा की भाऊजी, मला बी कळंल तुमी काय करत व्हते तिकडं." मी वाचायला लागलो. ताफ्यांचं ऐकताना त्यांचे हात चालू होते, मधूनच खडा बाजूला टाकत होत्या. वायरलेसपाशी आलो तेव्हा हात थांबले. मी वर न बघता शेवटपर्यंत वाचलं. मग कागद घडी करून गुडघ्यावर ठेवला आणि वाट बघत बसलो. शिव्या देतील, हाकलून देतील असं वाटलं होतं. खरं सांगू, द्याव्यात असंच वाटत होतं.

वहिनींनी सुपातल्या डाळीवरून एकदा हात फिरवला. मग हळू म्हणाल्या, "मला त्यांनी येवढंच सांगितलं व्हतं, का माझ्या हातून उलटं लिवलं गेलं आन् माणसं पडली."

"तुम्हालापण खरं सांगितलं नाही?"

"न्हाई ओ. मी लई बोलले त्यांना." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "घरात काय बी झालं का म्हणायची, ह्यांच्या हाती आकडे देऊ नका, ह्यांचं उलटं व्हतंय. सोयऱ्याधायऱ्यांत म्हणले. पोरीसमोर म्हणले. तुमच्यासमोर सुदीक म्हणले असंल."

म्हणाल्या होत्या, भान्या. माझ्यासमोर, किती वेळा. तू वाटीतली भाजी संपवत बसायचास आणि मी हसायचो.

"तो जवान, ज्याची किडनी गेली," वहिनी म्हणाल्या, "त्याचं नाव घेऊन हे दर संकष्टीला देवापुढं हात जोडायचे. मी म्हणायची, आता हात जोडून काय उपेग?"

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. कसंबसं म्हणालो, "वहिनी, हे छापलं तर माझं गावात जे व्हायचं ते होऊ द्या. तुम्ही सांगाल तसं करतो."

"छापा," त्या म्हणाल्या. "जसं वाचलं तसंच छापा. कमी करू नका काई." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला पेलला असता.

मग त्यांनी सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. दार उघडं होतं, मला अंगणातून दिसत होतं. पाटावर तुझा फोटो आहे, वर्दीतला नाही, सुरेखाच्या लग्नातला. हार सुकलाय. वहिनींनी डोक्यावर पदर घेतला आणि फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या, तू शेतातून आलास आणि काही विचारायचंय अशा.

"अवं," त्या म्हणाल्या, "मला तरी सांगायचं."

आणि तिथेच उभ्या राहिल्या, तू काही म्हणशील म्हणून.